फेकण्यापेक्षा तुम्हाला

"तीन-चार डोस उरलेत. फेकायपेक्षा तुमच्यातल्या कुणाला टोचून घ्यायचे आसतील तर या म्हणावं. पण लवकर."

तात्या असं म्हणाला. ओसरीवर खुर्चीत बसून, हातातला चहाचा कप खाली न ठेवता. आम्ही फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे होतो. सकाळी न्याहारी करून आलो होतो, आता ऊन डोक्यावरून कललं होतं. एप्रिलचं ऊन. आमच्यात बहुतेक म्हातारी माणसं. माझी माय सत्तरीची. पायावर सूज, हातात काठी, तोंडाला मी शिवलेला मास्क.

तात्या म्हणजे आमच्या गावचा बडा माणूस. शेती मोठी, दारात दोन ट्रॅक्टर, कळंबच्या मोंढ्यात आडत. सगळं गाव 'तात्या आले, तात्या बसले' असं बोलतं. मी इथं एकेरी लिहिणार आहे. माझ्या मायपेक्षा तो पंधरा-वीस वर्षांनी धाकटा. तरी त्यानं तिला जन्मभर 'ए म्हातारे' म्हटलं, ती म्हातारी नव्हती तेव्हापासून. तिनं मात्र त्याला कायम 'तुमी' म्हटलं. त्या दिवशीसुद्धा.

लस सरकारची होती. फुकट होती. ती तात्याच्या घरात कशी गेली ते सांगते. आमच्या शाळेवर पत्रे. पंखा नाही, लाईटचा भरवसा नाही. तात्या म्हणाला, आमच्या बैठकीत घ्या शिबिर, पंखे आहेत, फ्रीज आहे, सिस्टरच्या जेवणाची सोय होईल. सगळ्यांना बरं वाटलं. वस्तीतली माणसं त्या बैठकीत कशी जातील, हे कुणी विचारलं नाही. आम्ही बौद्ध. आमच्या आज्यांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली. तात्याच्या फाटकावर 'आत येऊ नका' अशी पाटी नाही. पाटीची गरजच कधी पडली नाही. फाटकाशी आलं की आमचे पाय थांबतात, आणि ते थांबतात हे आतल्यांना पक्कं ठाऊक असतं. सकाळी गेलो तेव्हा आतून निरोप आला, थांबा, बोलावतो.

मग आम्ही थांबलो. गावातली माणसं आत जात होती, दंड चोळत बाहेर येत होती. आत चहा फिरत होता. बाहेर पाणीसुद्धा आलं नाही.

ही सगळी माणसं मायनं गोळा केली होती. आदल्या दिवशी सिस्टर वस्तीत येऊन सांगून गेली होती. लसीची एक बाटली फोडली की दहा जणांना पुरते. फोडल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय बाटली फोडत नाहीत. तुम्ही दहा जण जमा, मी तुमच्यासाठी फोडते, असं ती म्हणाली. तेव्हा लोक लसीला घाबरत होते. कुणी म्हणे ताप येऊन माणूस मरतं. कुणी म्हणे हात लुळा पडतो. माय काठी टेकत दारोदार फिरली. बाटली फोडायची म्हटल्यावर एक म्हातारा हसला, म्हणाला, मग मी कशाला मागं राहतोय. शेजारची सुंदरकाकू शेवटची. ती आत कडी लावून बसली होती. मायनं तिला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढलं, आणि मला हाक मारून म्हणाली, "धा झाले बघ. आता आपली बाटली."

तिला एवढं खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तर त्या दुपारी तात्यानं ते वाक्य टाकलं, आणि सिस्टर मान खाली घालून फाटकापाशी आली. कंत्राटावरची पोरगी होती. तिच्या बर्फाच्या निळ्या डब्यात अजून एक बंद बाटली आहे, हे तिनंच आम्हाला सकाळी सांगितलं होतं. माय तिला म्हणाली, "सिस्टर, आमी धाजण हाव. ती बंद हाय ती फोडा की."

सिस्टरनं मागं वळून ओसरीकडं पाहिलं.

"ती ठिवायचीय," तात्या म्हणाला. "पाव्हणे निघालेत पुण्याहून. त्यांच्याकडं लसच न्हाय तिकडं. पोचायला उशीर हाय."

तेव्हा कळलं. पाहुणे येईपर्यंत उघडलेली बाटली टिकणार नव्हती. म्हणून तिच्यातलं उरलेलं आम्हाला, आणि बंद बाटली पाहुण्यांना.

माय म्हणाली, "तुमी बंद बाटली आमाला फोडा. पाव्हण्यास्नी फुडच्या खेपंला द्या."

आत कुणीतरी हसलं. तात्याही हसला. "म्हातारे, औषध हाय ते. त्यात काय ताजं-शिळं आसतंय व्हय?"

"मग पाव्हण्यास्नी चाललं आसतं की," माय म्हणाली.

तात्याचं हसू गेलं. घ्यायचं तर घ्या, नाहीतर वाटेला लागा, असं काहीतरी तो बोलला आणि आत निघून गेला. मायनं काठी उचलली आणि वळली. तिच्या मागं मी आणि बाकीचे. तिघं जण मागं राहिले. सुंदरकाकू त्यांत. नंतर कळलं, त्यांना बैठकीत नेलंच नाही. गोठ्याच्या बाजूनं आत घेतलं आणि गोठ्यापुढच्या पडवीत टोचलं. जे काही उरलं ते सिस्टरनं कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं. मी त्या तिघांना नावं ठेवत नाही. जीव प्यारा असणं हा काही गुन्हा नाही.

वाटेत मी मायशी भांडले. चांगली भांडले. मी शिकलेली, कळंबच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासावर मराठी शिकवते. पंचेचाळीस पूर्ण नव्हती, म्हणून तेव्हा माझा नंबर लागतच नव्हता. नवऱ्यानं सोडल्यापासून मी आणि माय, दोघीच घरात. ती गेली तर मला कोण होतं? मी तिला म्हटलं, अगं बाटलीतला पहिला थेंब आणि शेवटचा थेंब सारखाच असतो. अजून वेळ आहे, माघारी फिर, टोचून घे, मग काय भांडायचं ते भांड. जिवंत राहिलीस तर भांडशील ना.

ती थांबली. दम खात म्हणाली, "मला का कळत न्हाय? औषध उरलेलं न्हाय, बाई. त्येंच्या लेखी आपन उरलेले हाव."

त्या दिवशी आम्ही दोघींनी तोंडं फिरवून जेवण केलं.

तिचं हे उरलेल्याचं वेड मला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या लहानपणी गावात लग्न असलं की वस्तीतल्या बायका टोपलं घेऊन मांडवाच्या मागं बसायच्या. सगळं गाव जेवून उठलं, आचाऱ्याचं झालं, वाजंत्र्याचं झालं, की मग हाक यायची. दीक्षा घेऊन आल्यावर मायच्या बापानं पहिलं काम काय केलं, तर ते टोपलं चुलीत घातलं. माय तेव्हा एवढीशी होती. टोपलं जळताना तिला रडू आलं होतं, कारण त्यात कधीमधी लाडू यायचा. हे ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची.

माझ्यावरही एकदा तशी वेळ आली. दुसरी-तिसरीत असेन. तात्याच्याच घरचं लग्न होतं. मैत्रिणींच्या नादानं मी गेले. वस्तीतली पोरं मागं गोठ्याच्या भिंतीला बसवली होती. पंगती उठत होत्या, नव्या बसत होत्या, आम्ही बुंदीच्या पराती मोजत बसलो होतो. संध्याकाळी कुणीतरी ओरडलं, "या रे आता, उरलंय." पोरं धावली. मीही धावले. पत्रावळीवर बुंदी पडली, आणि तेवढ्यात मायनं माझं मनगट धरलं. ती रानातून तशीच आली होती, पदराला कुसळं. तिनं पत्रावळ माझ्या हातातून घेतली, हळूच खाली ठेवली, आणि मला ओढत घरी आणलं. मारलं नाही. पिठलं केलं, गरम भाकरी टाकली, समोर बसून म्हणाली, "खा. ह्ये आपलं हाय." मी बुंदीसाठी रडत होते. पिठलं तिखट झालं होतं. मी तिच्यावर कितीतरी दिवस रुसले होते.

आता चाळिशीच्या पुढं येऊन मी तोच रुसवा धरून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाईलवर नंबर लावायला लागले. वेळ उघडायची आणि पापणी लवेपर्यंत संपायची. ज्यांच्या घरी चांगलं नेट, दोन-चार मोबाईल, त्यांचं काम होत होतं. आमच्या वस्तीत टॉवर धरायला विहाराच्या गच्चीवर चढावं लागतं. एकदा लागला नंबर. लांबच्या केंद्रावर. मी मायला स्कूटीवर मागं बसवलं, कंबरेला ओढणीनं बांधून घेतलं आणि निघाले. केंद्राबाहेर मोटारी लागल्या होत्या. एमएच बारा, एमएच चौदा. पुण्याच्या गाड्या, पिंपरीच्या गाड्या. शहरात नंबर मिळेना म्हणून मोबाईलवर आमची खेडी शोधून लोक आले होते. कायद्यानं त्यांना बंदी नव्हती. गाडीत एसी लावून बसले होते, नाव पुकारलं की उतरत होते. आमच्या आधी लस संपली. केंद्रावरच्या बाईनं हात जोडले, तिचा काय दोष? आम्ही परत निघालो. माय मागं बसून म्हणाली, ह्या लोकांचीबी कुनी माय-बाप आसतील, भ्याले आसतील. मला तो तिचा मोठेपणा त्या वेळी नको होता.

मग तिला ताप आला.

तो काळ सगळ्यांना माहीत आहे, मी काय वेगळं सांगणार? बोटाला लावायचं यंत्र, त्यावरचा आकडा खाली जाणारा. ॲम्ब्युलन्स. धाराशिवच्या दवाखान्याबाहेरचा रस्ता, त्या रस्त्यावर बसलेली माणसं. तिला आत नेलं आणि मी बाहेर राहिले. आत कुणाला सोडत नव्हते. एका मामानं, वॉर्डात काम करणाऱ्या माणसानं, एकदा स्वतःच्या फोनवरून तिच्याशी बोलणं करून दिलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. तिच्या तोंडावर मास्क, मशीनचा आवाज. मला वाटलं ती विचारेल, जेवलीस का. तिनं विचारलं, "वस्तीत बाटली फोडली का गं?"

मी म्हटलं, नाही माय. अजून नाही.

"मंग काम हाय आजून," ती म्हणाली. पुढचं ऐकू आलं नाही.

त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला नाही.

जाळलं नगरपालिकेच्या माणसांनी. पांढऱ्या प्लास्टिकच्या कपड्यांतली माणसं, कोण बाई, कोण बाप्या, ओळखू येत नव्हतं. मला लांब उभं केलं. आमच्यात माणूस गेलं की वस्ती जमते, त्रिशरण-पंचशील होतं, शेवटी सगळी मिळून 'साधू, साधू, साधू' म्हणतात. मी एकटी होते. मास्कच्या आत पुटपुटत मी म्हटलं सगळं. शेवटचं साधूही मीच म्हटलं. तीनदा. आपल्याच आवाजाला आपण साथ द्यायची, याहून एकटं काही असेल तर मला माहीत नाही. मोठ्यानं म्हणायला हवं होतं, असं नंतर पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

घरी आले तर वस्तीची दारं बंद. मी कोंडून घ्यायचं होतं, आणि लोकांनी माझ्यापासून लांब राहायचं होतं. बरोबरच होतं ते. पण तात्याच्या फाटकाशी जे झालं त्यानंतर वस्तीतही फाट पडली होती. ज्यांनी लस घेतली ते आमच्या नजरेला नजर देत नव्हते. ज्यांनी नाही घेतली ते म्हणत होते, म्हातारीच्या हट्टापायी आपण राहिलो, आणि म्हातारीही गेली. घरात तिची काठी, तिचं लुगडं, तिचं चुना-तंबाखूचं पाकीट. मी दिवसभर कुणाशी बोलत नसे. एकदा तर आपला आवाज आहे का बघायला मी पाढे म्हटले.

रोज दुपारी दाराबाहेर ताट वाजायचं. दार उघडेपर्यंत आणणारी गेलेली असायची. भाकरी, कालवण, कांदा. भाकरी हाताला चटका लागेल इतकी गरम. मला कळत होतं कोण आणतंय. सुंदरकाकूच्या भाकरीला एका बाजूला नेहमी करपट डाग असतो.

त्या रिकाम्या घरात मी मोबाईलवर बातम्या बघत बसायची. तिथं मला कळलं की तात्याची ओसरी लई मोठी आहे. श्रीमंत देशांनी लस तयार व्हायच्या आधीच आगाऊ नोंदवून टाकली होती, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. गरीब देश म्हणत होते, लस कशी बनवायची ती कृती सगळ्यांना खुली करा, आम्ही बनवतो, आमची माणसं मरतायत. श्रीमंत देशांतले कितीतरी जण आणि त्यांच्या कंपन्या म्हणत होत्या, ती आमची मालमत्ता आहे. चर्चा चालू होती. नुसती चर्चा. आणि आपणही काय कुणी साव नव्हतो. आपल्याकडं मढी पडायला लागल्यावर आपल्या देशानंही बाहेर जाणारी लस अडवली. म्हणजे आफ्रिकेत कुठंतरी एखादी म्हातारी आमच्यामुळं ताटकळली असणार. तिची लेकही तिच्यावर चिडली असणार. मला तिचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. पण ती कोणत्या उन्हात उभी होती ते मी डोळे मिटून सांगू शकते.

पुढं त्या देशांची मापं भरली. तरण्याताठ्यांचं झालं, तिसरा डोस झाला. मग त्यांनी उरलेली लस गरीब देशांना दान दिली. कितीतरी खोकी मुदत संपत आलेली. विमानतळावर उतरवेपर्यंत, खेड्यात पोचवेपर्यंत तारीख उलटलेली. ती खड्ड्यात पुरताना टीव्हीवर दाखवली. आणि वरून म्हणत होते, आम्ही देतो पण यांना वापरता येत नाही. मी ती बातमी बघून उठले आणि मोठ्यानं म्हणाले, माय, तू बरोबर होतीस गं. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

आता नीट सांगते. मायनं ती लस घ्यायला हवी होती, असं मला आजही वाटतं. ती घेतली असती तर कदाचित आज ती बाहेर बाजेवर बसली असती. पण लोक म्हणतात 'म्हातारी चुकली', ते मी ऐकून घेत नाही. जीव आणि मान, यांतलं एक उचल, असं सत्तर वर्षांच्या बाईला उन्हात उभं करून ज्यांनी विचारलं, चूक त्यांची. बंद बाटली डब्यात होती. माणसं दहा होती. नियम आमच्या बाजूनं होता. हे लक्षात ठेवायचं सोडून सगळं गाव मायचा हट्ट लक्षात ठेवतं.

साथ ओसरली. तात्याचा मुलगा अमेरिकेहून आला. तो वाईट मुलगा नाही. हळू बोलतो, सगळ्यांना नमस्कार करतो. येताना त्यानं तिकडच्या मंडळाकडून खोकी आणली होती. गोळ्या, मास्क, हातमोजे, श्वासाची दोन मशीनं. ग्रामपंचायतीपुढं मांडव घातला. बॅनर लागला, 'वंचित बांधवांसाठी औषध वाटप'. वंचित म्हणजे आम्ही. आम्हाला या वेळी खुर्च्या होत्या, शेवटच्या दोन रांगा.

आणि मला आभार मानायला सांगितलं. आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम आभाराशिवाय संपत नाही. पाहुण्यांचे, मांडववाल्याचे, माईकवाल्याचे. वस्तीसाठी वाटप आहे, तर आभार वस्तीतल्या मॅडमनी मानावेत, शोभून दिसेल, असं ठरलं. तात्यानं माणूस पाठवला. ज्या कॉलेजात मी तासावर होते तिथं तात्याचा शब्द चालायचा. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर बोलायला माईक मिळतोय एवढंच मला कळत होतं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

मुलगा बोलायला उठला. मनापासून बोलला. म्हणाला, "तिकडे इतकी लस होती की घ्यायला माणसं मिळेनात, शेवटी टाकून द्यावी लागली. ही औषधंही तशीच पडून होती. म्हटलं, टाकण्यापेक्षा आपल्या गावातल्या गरिबांच्या कामाला येतील."

टाळ्या पडल्या. शेवटच्या दोन रांगांतूनही पडल्या. मी हात मांडीवर दाबून धरले होते. बापानं फाटकात उभं करून म्हटलं तेच लेक मांडवात, फुलं वाहून, चांगल्या मराठीत म्हणत होता. त्याला ते कळलंही नाही. त्याचा बाप तरी जाणून बोलला होता. मला त्या क्षणी बापापेक्षा लेकाची भीती वाटली.

माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर गेले. समोर तात्या, शेजारी मुलगा, हार घातलेले. मागं सुंदरकाकू डोक्यावरचा पदर दातात धरून.

मी म्हटलं, "माझी माय या साथीत गेली. तिनं दहा माणसं जमवून बंद बाटली मागितली होती. ती पाहुण्यांना ठेवली आणि आम्हाला उरलेलं पुढं केलं. तिनं आभार मानले नाहीत. मीही मानणार नाही. औषध सगळ्यांना सगळ्यांबरोबर मिळू द्या. मग आभाराची गरज कुणालाच पडणार नाही."

एवढंच. याच्यापेक्षा जास्त मला बोलताच आलं नसतं.

कुणी ओरडलं नाही, कुणी माईक काढून घेतला नाही. दोघा-तिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी घाईघाईनं राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे उठून उभे राहिले. तात्या उभा राहिला, मीही उभी राहिले. आम्ही समोरासमोर ताठ उभे राहून एकमेकांकडं बघत होतो.

खोकी वाटली गेली. वस्तीनं घेतली. माझ्या बोलण्यानं काही अडलं नाही, आणि अडावं असं मला वाटतही नव्हतं. ज्याला गोळी लागते त्यानं घ्यावी. पण घरी जाताना माझ्याबरोबर कुणी चाललं नाही. वस्तीतला एक जाणता माणूस म्हणाला, "मॅडम, देनाऱ्याच्या तोंडावर आसं बोलू ने." पुढच्या वर्षी कॉलेजात मला तास मिळाले नाहीत. कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आता विहारात पोरांच्या शिकवण्या घेते. येणारी पोरं येतात, काहींना घरचे पाठवत नाहीत. सणासुदीला माझ्या दारात फारसं कुणी येत नाही. सुंदरकाकू तेवढी येते, बसते. एकदा म्हणाली, "मला आजून दंड दुखल्यावानी व्हतंय." मी तिला म्हटलं, काकू, तू जगलीस ते बरं झालं. ते मी खरंच म्हटलं.

ग्रामसभेत मी उठून सांगितलं की सरकारी शिबिर कुणाच्या घरी होणार नाही. शाळेत होईल, नाहीतर विहारात होईल. कुणाला आधी द्यायचं ते वय आणि आजार बघून ठरेल, आणि ते सगळ्यांसमोर ठरेल. लोक हसले. सरपंच म्हणाले, साथ तर गेली, आता कशाला उकरता? पुढच्या ग्रामसभेत मी पुन्हा उठले. त्याच्या पुढच्याही. आता मी उठले की काही जण चहाला बाहेर जातात. जाऊ द्या.

मी एकटी आहे हे मला माहीत आहे. एकटं असणं मला आवडत नाही. संध्याकाळी घर खायला उठतं. तरी मी आता कुणाच्या बोलावण्याची वाट बघत नाही, कारण बोलावणं कधी आणि कशासाठी येतं ते मी पाहिलंय.

साथ परत येईल. ही नाही तर दुसरी. तेव्हाही औषध थोडं असेल आणि माणसं पुष्कळ असतील. गावात असेल, देशात असेल, जगात असेल, कुठंतरी चार माणसं बसून ठरवतील की आधी कुणाला. ते ठरेल तिथं मी असणार. फाटकाच्या आत. बोलावलं तरी, आणि नाही बोलावलं तरी.